सत्तेचाळीस नंबरचा काप

भूशास्त्र विभागात नवीन मुलं आली की पहिल्याच आठवड्यात त्यांना तळमजल्यावरच्या कापखोलीत नेण्याची पद्धत होती. खोली लांबट, खिडकी एकच, फरशी कायम ओली. एका भिंतीला दगड कापायची करवत आणि तिच्या पात्यावर पाण्याची बारीक धार. मधोमध दोन लोखंडी चकत्या, गरगर फिरणाऱ्या. खिडकीखाली जाड काचेचा सपाट तुकडा, त्यावर पिठासारखी पावडर आणि पाणी. त्या काचेपुढे रबरी एप्रन घातलेला, सहसा वर न बघणारा माणूस. त्याला सगळे चकतीमामा म्हणत.

मामा मुलांना एकच गोष्ट दाखवत. दगडाचा काडेपेटीएवढा तुकडा काचपट्टीवर चिकटवायचा आणि घासत घासत माणसाच्या केसाच्या निम्म्याहून पातळ करायचा. इतका, की काळाकभिन्न दगडही उजेडाला वाट देतो. जाड राहिला तर सूक्ष्मदर्शकाखाली गारगोटीचे कण पिवळे दिसतात. नेमका जमला तर करडे.

"आणि चार हात जास्त घासला तर?" दरवर्षी कोणीतरी विचारायचंच.

"तर काप उडतो. मग काचपट्टी धुऊन ठेवायची आणि सरांना काय सांगायचं त्याचा विचार करत बसायचं."

मुलं हसत. मामाही हसल्यासारखं करत. कारण त्यांच्या हातून काप उडाल्याचं एकतीस वर्षांत कोणी ऐकलं नव्हतं. एकोणीस हजारांच्या वर काप त्यांनी केले होते. परगावच्या विद्यापीठांतून दगड टपालाने त्यांच्याकडे येत. "यंत्र नको, मामांचा हात हवा," असं प्राध्यापक चिठ्ठीत लिहीत. मामा स्वतः यातलं काही बोलून दाखवत नसत. पण कोणी म्हटलं तर नाहीही म्हणत नसत. निवृत्तीला दोन महिने उरले होते, आणि माणसाच्या नावावर जे जमा व्हायचं ते होऊन गेलं आहे असं त्यांनी धरलं होतं.

वरच्या मजल्यावर, प्रमुखांच्या खोलीबाहेर, एक मोठा नकाशा काचेत लावलेला होता. शहराच्या उत्तरेच्या टेकड्यांचा. त्यावर एक लाल रेषा होती, अकरा किलोमीटर लांब. मोठ्या सरांनी, म्हणजे तेव्हाच्या विभागप्रमुखांनी, अठ्ठावीस वर्षांपूर्वी ती काढली होती. रेषेच्या या बाजूच्या दगडांत गार्नेट नावाचं लाल खनिज नाही, त्या बाजूच्या दगडांत आहे. म्हणजे त्या बाजूचे दगड कधीकाळी जमिनीखाली जास्त खोल गेले होते, जास्त तापले होते. एवढाच रेषेचा अर्थ. पण त्यावर पाठ्यपुस्तकातलं एक प्रकरण झालं होतं, आताच्या प्रमुखबाईंचा प्रबंध झाला होता, आणि दर परीक्षेत ती रेषा काढायला यायची. काळ्या दगडावरची रेघ म्हणतात तशी.

रेषेचा अर्धा भाग जवळच्या टेकडीवर होता. तिथे पन्नास दगड होते, वादच नव्हता. उरलेला अर्धा पलीकडच्या टेकडीवरून गेला होता, आणि तिथला आधार एकच होता. दगड नंबर सत्तेचाळीस. मोठ्या सरांनी तो आणला आणि पुढच्याच वर्षी त्या टेकडीवर दारूगोळ्याचं कोठार झालं. तारेचं कुंपण पडलं, माणसाला बंदी. कोठार हललं ते चार वर्षांपूर्वी. त्यानंतर टेकडीवर पहिली चढली ती हातोडी.

हातोडी म्हणजे प्रमुखबाईंची पीएचडीची विद्यार्थिनी. कमरेला सदा भूशास्त्रज्ञाची हातोडी लटकलेली, म्हणून हे नाव. वाचनालयातसुद्धा ती हातोडी घेऊनच बसायची. "पुस्तक फोडून वाचतेस काय गं?" मामा विचारायचे. तिचे वडील गवंडी होते आणि दगड फोडायला शिकायला विद्यापीठात जावं लागतं, हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नव्हतं. चार वर्षांत तिने पलीकडच्या टेकडीवरून त्रेसष्ट दगड आणले. त्रेसष्टांचे काप मामांनी केले. त्रेसष्टांत एकातही गार्नेट निघालं नाही.

एका सोमवारी सकाळी ती कापखोलीत आली आणि पाण्याच्या बादलीशेजारच्या स्टुलावर बसली.

"मामा, गुरुवारी समिती आहे माझी."

"मग? दातखीळ बसली का आत्तापासून?"

"मॅडम लिहून देणार आहेत, क्षेत्रकाम अपुरं. म्हणजे मी बरोबर जागी गेलेच नाही. पाचवं वर्ष संपतंय, मुदतवाढ मिळायची नाही. नोंदणी रद्द." ती हातातली एक काचपट्टी उजेडाला धरून बघत होती. "आणि त्यांचं तरी काय चुकतं? हे बघा. सत्तेचाळीस. दिसतंय की गार्नेट. नुसत्या डोळ्यांनी दिसतंय."

मामांनी काचपट्टी हातात घेतली नाही.

"'आहे' म्हणणाऱ्याला एक दगड पुरतो," हातोडी म्हणाली. "'नाही' म्हणणाऱ्याला त्रेसष्टही पुरत नाहीत. काप मात्र काय सुंदर केलाय तुम्ही! पहिल्या वर्षाला हाच दाखवतात." मग तिने विचारलं, "याचा उरलेला तुकडा असता तर निदान दुसरा काप करून बघता आला असता. पण नोंदवहीत 'तुकडा संपला' लिहिलंय. अक्षर तुमचंच ना?"

"माझंच."

"तुम्ही तर खडासुद्धा टाकत नाही, मामा. हाच नेमका कसा संपला?"

"जुनी गोष्ट आहे," मामा म्हणाले आणि चकती सुरू केली. चकती सुरू झाली की त्या खोलीत बोलता येत नाही.

तुकडा संपला नव्हता. तो त्याच खोलीत होता, मामांच्या लोखंडी कपाटात, खालच्या कप्प्यात, पावडरच्या डब्यांमागे. सहा पावलांवर.

अठ्ठावीस वर्षांपूर्वी मामा रोजंदारीवर होते. मोठे सर दुसऱ्या दिवशी परिषदेला निघणार होते आणि सत्तेचाळीसचा काप त्यांना संध्याकाळच्या आत हवा होता. मामांच्या टेबलावर त्या दिवशी दोन पिशव्या उघड्या होत्या: सत्तेचाळीसची, आणि शिकवण्याच्या संग्रहातल्या एका दगडाची, जो कुठल्या दूरच्या खाणीतून आणलेला होता. दोन्ही दगड करडे, चकचकीत, पापुद्र्यापापुद्र्यांचे. एका वेळी एकच पिशवी उघडायची, हा त्या खोलीचा नियम. तो मामांनी पुढे सत्तावीसशे वेळा इतरांना सांगितला. त्या दिवशी घाईत पाळला नाही.

सत्तेचाळीसचा काप जवळजवळ झाला होता. दारातून कोणीतरी हाक मारली, मामांनी मान वळवली, हात चालूच राहिला. परत बघितलं तर काचपट्टीवर नुसता ओलावा. मग धावतपळत दुसरा तुकडा करवतीला लावला, चिकटवला, घासला. आणि शेवटच्या हाताला अंगठा काचेवरून फिरवताना त्यांना ते लागलं. गार्नेट कठीण असतं. भोवतालचं अभ्रक झिजतं, ते झिजत नाही, बोटाला खरखरतं. पहिला काप साबणासारखा गुळगुळीत होता. मामांनी टेबलाकडे पाहिलं. पांढऱ्या रंगात सत्तेचाळीस लिहिलेला तुकडा जागच्या जागी पडलेला होता; करवतीला लागला होता तो दुसऱ्या पिशवीतला.

तेवढ्यात मोठे सर आत आले आणि ओली काचपट्टी त्यांच्या हातातूनच घेऊन गेले. पाच मिनिटांनी वरून त्यांची आरोळी ऐकू आली. सगळा विभाग सूक्ष्मदर्शकाभोवती जमला. गार्नेटची खूण अशी, की सूक्ष्मदर्शकातल्या प्रकाशाच्या दोन्ही गाळण्या एकमेकींना आडव्या लावल्या की ते काळं पडतं आणि खालची तबकडी कितीही फिरवा, काळंच राहतं. सर तबकडी फिरवत होते आणि मुलासारखे हसत होते. मामा दारात उभे होते. तोंड उघडलंही होतं त्यांनी. सरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, आयुष्यात पहिल्यांदा, आणि म्हणाले, "परिषदेहून आल्यावर तुझा कायम होण्याचा कागद मी स्वतः कचेरीत घेऊन जातो."

सर परत आले की सांगू, असं मामांनी ठरवलं. सर परत आले तेव्हा रेषा काढून झाली होती. मग छापून आली. आज सांगू, उद्या सांगू म्हणता म्हणता सांगण्याची वेळ टळली. आणि एक दिवस मामांनी दोन्ही तुकडे एका पिशवीत घालून कपाटात ठेवले, नोंदवहीत दोन शब्द लिहिले. चूक त्या संध्याकाळी घाईत झाली होती. हे दोन शब्द सावकाश, शाई वाळू देऊन लिहिले होते.

मंगळवारी सकाळी मामांनी बायकोला सगळं सांगितलं. ती शिलाईचं काम करायची. दोरा ओवता ओवता ऐकत होती.

"दोन महिने राहिलेत," ती म्हणाली. "झाकली मूठ आहे, राहू दे की."

"त्या पोरीची पाच वर्षं आहेत."

"आणि तुमची एकतीस?"

तिने सुई उजेडाला धरली, दोरा ओवला, गाठ मारली.

"मी नको म्हटलं तर नाही सांगणार?"

मामा पायात चपला घालू लागले.

"मग मला कशाला विचारता, अहो? जा. इस्त्रीचा शर्ट घालून जा."

प्रमुखबाईंच्या खोलीत मामा एकतीस वर्षांत कधी बसले नव्हते. त्या दिवशीही उभेच राहिले. हातोडीलाही त्यांनी बोलावून घेतलं होतं. टेबलावर त्यांनी पिशवी उपडी केली. दोन तुकडे. एकावर पांढरा सत्तेचाळीस. दुसऱ्यावर शिकवण्याच्या संग्रहाचा शिक्का, आणि त्याच्या कापलेल्या तोंडावर लाल दाणे, मधून एक पांढरी शीर तिरपी गेलेली. मामांनी प्रसिद्ध काचपट्टी उलटी करून त्या तोंडावर ठेवली. मध्ये करवतीच्या पात्याएवढा दगड गेलेला होता, तरी शीर काचेतून दगडात सरळ उतरत होती. दाणे दाण्यांवर बसत होते.

मग हातोडीने सत्तेचाळीसचा तुकडा उचलला, भिंग लावलं, कड पाहिली, पाठ पाहिली.

"नाहीये," ती म्हणाली. आवाजात आनंद नव्हता. "मॅडम, यात गार्नेट नाहीये."

प्रमुखबाईंनी काचपट्टी दोनदा उचलली, दोनदा पुन्हा ठेवली. "माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण," त्या कोणालाच उद्देशून न बोलता म्हणाल्या. मग स्वतःला सावरून, "मामा, तुकड्यांची अदलाबदल कोणाच्याही हातून होते. पण हे मिळालं कुठे? गोदामात हजारो पिशव्या आहेत."

हातोडी घाईने म्हणाली, "साफसफाईत सापडली असेल. मामा आवराआवर करतायत ना, निवृत्तीची. हो ना, मामा?"

तिने सुटकेचं दार उघडून धरलं होतं. मामांना ते स्पष्ट दिसलं. हो म्हटलं असतं तर पोरीचं काम झालं असतं, बाईंनी मान डोलावली असती, आणि अठ्ठावीस वर्षांपूर्वीची एक घाईतली चूक एवढंच नावावर राहिलं असतं.

"सापडली नाही," मामा म्हणाले. "मी ठेवली होती. माझ्या कपाटात. मला त्याच दिवशी कळलं होतं, मॅडम. अंगठ्याला."

हातोडीने हातातला दगड टेबलावर ठेवला. "माझे त्रेसष्ट दगड," ती हळू म्हणाली. "त्रेसष्ट काप केलेत तुम्ही. एकेक करून माझ्या हातात दिलेत."

"हो."

"आणि दर वेळी म्हणायचात, पुढच्यात निघेल."

"म्हणायचो."

ती उठून निघून गेली. तिच्या कमरेची हातोडी खुर्चीला लागून खणकन वाजली.

"लिहून द्या," प्रमुखबाई म्हणाल्या. "तारखेसकट. गुरुवारी समितीपुढे तुम्हीच बोलायचं. आणि मोठ्या सरांना... ते मी सांगणार नाही. ते तुम्ही सांगा."

मोठे सर आता पंच्याऐंशीचे होते. डोळे अधू झाले होते, कान शाबूत होते. बुधवारी दुपारी मामा गेले तेव्हा ते खिडकीशी बसले होते आणि नातसून त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवत होती. मामांनी तिच्यासमोरच सगळं सांगितलं. तिला बाहेर जायला सांगावं असं दोघांनाही सुचलं नाही. सरांनी दोन्ही तुकडे हातात घेतले आणि कापलेल्या तोंडांवरून अंगठा फिरवला. एकदा याच्यावरून, एकदा त्याच्यावरून. मग पुन्हा पहिल्यावरून.

"एकच काप होता?" सरांनी विचारलं.

"एकच, सर."

"आणि मी दुसरा मागितला नाही."

"नाही, सर."

"पहिल्या वर्षाच्या पोराने एका कापावर रेषा ओढली असती तर मी वही फेकली असती." सरांनी तुकडे मांडीवर ठेवले. "दगडाची चूक तुझी. रेषेची माझी. पण अठ्ठावीस वर्षं तुझी एकट्याची. त्यात मला ओढू नकोस."

"नाही ओढत, सर."

"मी जिवंत असताना सांगितलंस. का?"

"उद्या समिती आहे," मामा म्हणाले.

सरांनी मान हलवली. "तुकडे घेऊन जा. आणि चहा नको देऊ गं याला," ते नातसुनेला म्हणाले, "मला आत्ता याच्याबरोबर चहा घेता यायचा नाही." ते रागाने बोलले नाहीत. पावडर संपलीये असं सांगावं तसं बोलले.

गुरुवारी समितीपुढे मामा चार मिनिटं बोलले. हातोडीच्या त्रेसष्ट दगडांना त्या चार मिनिटांत किंमत आली. तिचा प्रबंध 'पलीकडे रेषा नाही' असा उभा राहणार होता, आणि तो अपुरा आहे असं आता कोणी म्हणू शकत नव्हतं. समितीने तिला सहा महिने दिले. बाहेरगावचे एक सभासद, ज्यांचे दगड वर्षानुवर्षं टपालाने मामांकडे येत, त्यांनी चष्मा काढून विचारलं, "आणि बाकीच्या एकोणीस हजारांचं काय?"

मामांना हा प्रश्न येणार हे ठाऊक होतं. तरी तो ऐकताना त्यांनी समोरच्या खुर्चीची पाठ धरली.

"तपासा, साहेब," ते म्हणाले. "तुकडे सगळे ठेवलेत."

आणि तपासले गेले. दोन महिने गोदामातून पिशव्या येत राहिल्या. मामा त्या उघडून देत, एका वेळी एक, आणि पलीकडे बसलेली दोन मुलं काचपट्टी तुकड्यावर ठेवून जुळते का ते बघत. बोलणं फारसं होत नसे. "जुळला." "जुळला." "पुढचा." चौदाशे तपासून झाले, सगळे जुळले, आणि विभागाने तिथे थांबायचं ठरवलं. त्याबद्दल कोणी मामांना शाबासकी दिली नाही. त्यांनाही ती अपेक्षित नव्हती. टपालाने येणारे दगड मात्र थांबले. वरचा नकाशा भिंतीवरून उतरवला होता. तिथे भिंत चौकोनी पांढरी दिसत होती. निरोपाचा कार्यक्रम नको, असं मामांनीच लिहून दिलं. तसा कोणी आग्रहही केला नाही.

शेवटच्या आठवड्यात हातोडी कापखोलीत आली. त्या मंगळवारनंतर पहिल्यांदाच. ती स्टुलावर बसली नाही, दारातच उभी राहिली.

"सत्तेचाळीसचा काप लागेल," ती म्हणाली. "प्रबंधात घालायचाय. नवीन माणूस पुढच्या महिन्यात येईल म्हणतात, पण मॅडम म्हणाल्या, तुम्हालाच सांग."

"कधी हवाय?"

"होईल तेव्हा. घाई नाही."

मामांनी टेबल रिकामं केलं. एकच पिशवी उघडली. तुकडा करवतीला लावला, पाण्याची धार सोडली. हातोडी जायला वळली होती, पण गेली नाही. काप चिकटला, चकतीवर गेला, मग खिडकीखालच्या काचेवर. शेवटचा हात सुरू झाला तेव्हा कॉरिडॉरमधून कोणीतरी मामांना हाक मारली. मामांनी मान वळवली नाही. हातोडीनेच दार लोटून घेतलं.

त्यांनी काचपट्टी धुतली, पुसली, तिच्यावरून अंगठा फिरवला. कुठेही खरखर नव्हती. साबणासारखा गुळगुळीत होता तो, पहिला होता तसाच. मग हिऱ्याच्या टोकाच्या पेन्सिलीने त्यांनी कडेला नंबर कोरला.

"तारीख कोणती टाकू?" त्यांनी विचारलं.

"आजची," हातोडी म्हणाली.

मामांनी आजची तारीख कोरली आणि काचपट्टी तिच्या हातात दिली. तिने ती कोपऱ्यातल्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, बराच वेळ पाहिली.

"करडी दिसतेय गारगोटी. बरोबर जाडी आहे," ती म्हणाली. आभार मानले नाहीत. पण जाताना नोंदवही तिने मामांच्या पुढे सरकवली आणि सत्तेचाळीसच्या ओळीवर बोट ठेवलं. मामांनी पेन घेतलं, 'तुकडा संपला' यावर एक आडवी रेघ मारली, शब्द वाचता येतील अशी, आणि शेजारी लिहिलं: 'तुकडा शिल्लक आहे.' मग उरलेला दगड पिशवीत घातला आणि गोदामात, सेहेचाळीस आणि अठ्ठेचाळीसच्या मधल्या रिकाम्या जागेत, नेऊन ठेवला.